कारखान्यातून निघाली तशी: १९६८ ची पाँटियाक जीटीओ मूळ रूपात आणताना

मिशिगनमध्ये बर्फ वितळला की जुन्या गाड्या बाहेर पडतात. ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, तेव्हा तर मैलोगणती त्याच दिसतात. डेट्रॉइटच्या आसपास वाहन उद्योगात काम करणारे आपल्याकडचे बरेच लोक आहेत. अशा दिवशी रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसलो की दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "अशी एखादी गाडी घेऊन अगदी मूळ स्थितीत आणायची, तर सुरुवात कुठून करायची?" उभ्याउभ्या या प्रश्नाचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

सगळ्या मसल कारना, म्हणजे दणकट इंजिनाच्या जुन्या अमेरिकन गाड्यांना, एकच नियम लागू होत नाही. फोर्डचे कागद वेगळे, क्रायस्लरचे शिक्के वेगळे. म्हणून मी ज्या गाडीवर काम केलं तीच उदाहरणाला घेतो: १९६८ ची पाँटियाक जीटीओ. १९६४ मध्ये जनरल मोटर्सचा असा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटियाक ही जनरल मोटर्सचीच शाखा, पण तिच्या इंजिनिअरांनी टेंपेस्ट लमाँ या गाडीवर 'पर्यायी पॅकेज' म्हणून ३८९ घन इंचांचं इंजिन दिलं आणि नियमाला वळसा घातला. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. १९६६ पासून जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल झालं आणि १९६८ मध्ये तिला नवं अंग आणि पुढचा रंगीत एंड्युरा बंपर, म्हणजे रबरासारख्या लवचीक द्रव्याचा बंपर, मिळाला. त्या वर्षी ८७,६८४ जीटीओ बनल्या. संख्या मोठी असल्यामुळे आजही सुटे भाग मिळतात, कागद मिळतात, माहीतगार माणसं भेटतात. नवख्या माणसाला हे फार उपयोगी पडतं.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. मूळ रूप म्हणजे चकचकीत रूप नव्हे, आणि त्या मॉडेलचं सर्वांत देखणं रूपही नव्हे. ही गाडी, हाच क्रमांक, ज्या दिवशी कारखान्याच्या दारातून बाहेर पडली त्या दिवशी जशी होती तशी. पुढचं सगळं काम या एका वाक्यातून निघतं.

पायरी १: काय करायचं ते ठरवा

रस्त्यावर चालवण्यापुरती दुरुस्ती, जुन्या अंगात नवं इंजिन आणि नवे ब्रेक, किंवा कारखान्याबरहुकूम पुनर्बांधणी, हे तीन वेगळे रस्ते आहेत. अर्ध्यात रस्ता बदलला की पैसेही जातात आणि गाडीही धड कुठलीच राहत नाही.

चौथा रस्ताही आहे, तो म्हणजे हात न लावणं. गाडीचा रंग, सीटा, काचा बऱ्याचशा मूळच्याच असतील, रंग उडालेला असेल पण पत्रा शाबूत असेल, तर ती साफ करा, यंत्राचा भाग सुरक्षित करा आणि तशीच ठेवा. मूळ रंग एकदा खरवडला की कितीही पैसे ओतले तरी तो परत येत नाही. अशा गाडीतून बाकीच्यांना शिकायला मिळतं.

पायरी २: गाडीआधी कागद

पाँटियाकवाल्यांचं नशीब चांगलं. कंपनीची जुनी बिलं मायक्रोफिल्मवर टिकली आणि पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस, म्हणजे पीएचएस, त्यांच्या प्रती विकत देते. गाडीचा क्रमांक पाठवायचा, फी भरायची, की त्या गाडीवर कारखान्यात काय काय बसवलं होतं याची यादी हाती येते. शेव्हर्लेच्या अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांची अशी बिलं मिळत नाहीत. फोर्डसाठी १९६७ पासूनच्या गाड्यांचा मार्टी रिपोर्ट, म्हणजे कारखान्याच्या नोंदींवरून काढलेला असाच कागद, निघतो. पैसे देण्याआधी, सौदा ठरवण्याआधी हा कागद मागवा. विकणारा घाई करत असेल तर त्याला घाई करू द्या, आपण करायची नाही.

गाडीचा क्रमांक १९६८ पासून डॅशबोर्डवर डाव्या कोपऱ्यात, पुढच्या काचेतून दिसेल असा आहे. त्यात तेरा अक्षरं-अंक असतात. सुरुवात २४२ ने असेल तर ती जीटीओ. पुढचे ३७ म्हणजे हार्डटॉप, ६७ म्हणजे कन्व्हर्टिबल. त्यापुढचा ८ म्हणजे १९६८. मग कारखान्याचं अक्षर: पी म्हणजे मिशिगनमधलं पाँटियाक शहर, बी म्हणजे बाल्टिमोर, झेड म्हणजे कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट. शेवटचे सहा अंक अनुक्रमाचे. सुरुवातीला २३७ दिसलं तर ती लमाँ आहे, मग अंगावर जीटीओची कितीही बोधचिन्हं लावलेली असोत. अशा गाड्या पुष्कळ आहेत. त्या वाईट नाहीत, पण जीटीओच्या किमतीला घ्यायच्या नाहीत. १९६४ आणि १९६५ च्या गाड्यांत मात्र क्रमांकावरून काहीच कळत नाही, कारण तेव्हा जीटीओ हे लमाँवरचं पॅकेज होतं. तिथे बिलाशिवाय पर्याय नाही.

क्रमांकाची पट्टी फुलाच्या आकाराच्या खास रिव्हेटांनी बसवलेली असते. ती कधीही काढू नका, रंगासाठी सुद्धा नाही. अमेरिकेत तिच्याशी छेडछाड करणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. रिव्हेट साधे दिसले तर तिथूनच परत फिरा.

आता माझ्या गाडीचं सांगतो. मी पाहिली तेव्हा ती लाल होती, चार घशांचा (घसा म्हणजे हवा आत ओढणारं भोक) क्वाड्राजेट कार्ब्युरेटर, बकेट सीट, बॉनेटवर आरपीएमचा मीटर, असा सगळा थाट होता. पीएचएसचा कागद आला त्यात लिहिलं होतं: दोन घशांच्या कार्ब्युरेटरचं ४०० घन इंचांचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, बाकड्यासारखी पुढची सलग सीट, मीटर नाही. १९६८ मध्ये पाँटियाक असं इंजिनही देत होती. नेहमीच्या ३५० अश्वशक्तीऐवजी २६५ अश्वशक्ती, आणि साध्या पेट्रोलवर चालणारं. कुणीतरी जीटीओचा रुबाब हवा, पण रोज कामावर जायला सोसेल अशी गाडी हवी म्हणून ती मागवली होती. मला त्या अनोळखी माणसाची निवड फार आवडली. मी गाडी घेतली आणि तिला तिचं खरं रूप द्यायचं ठरवलं. अनेकांनी समजावलं की चार घशांचीच ठेव, भाव जास्त येतो. येत असेल, पण ती ही गाडी नव्हे.

अशीच दुसरी गोष्ट पुढच्या बंपरची. रंगीत एंड्युरा बंपर हीच १९६८ च्या जीटीओची ओळख. पाँटियाकने जाहिरातीत त्यावर पहारीचे घाव घालून त्याला पोचा पडत नाही हे दाखवलं होतं. पण तो नको असेल तर लमाँचा क्रोमचा बंपर लावून गाडी मिळत असे. तेव्हा क्रोम बंपर दिसला म्हणून गाडी खोटी ठरवू नका, आणि कागदात तसं असेल तर 'सुधारायला' जाऊ नका.

पायरी ३: शिक्के आणि तारखा वाचा

इथे विजेरी, छोटा आरसा, चिंधी आणि थोडं रॉकेल घेऊन बसायचं. घाई नको.

बॉनेट उघडल्यावर मागच्या आडव्या पत्र्यावर फिशर बॉडीची, म्हणजे जनरल मोटर्सच्या अंग बनवणाऱ्या शाखेची, पट्टी असते. तिच्यावर '१०सी' असं काही असेल तर ऑक्टोबरचा तिसरा आठवडा, म्हणजे अंग केव्हा तयार झालं ते. पुढे मॉडेल, कारखाना, सीटच्या कापडाचा आकडा आणि रंगाची दोन अक्षरं. पहिलं अक्षर खालच्या अंगाचं, दुसरं छताचं. हार्डटॉपवर छताच्या जागी अक्षराऐवजी अंक असेल तर वर विनाइल होतं. ए म्हणजे स्टारलाइट ब्लॅक, सी म्हणजे कॅमिओ आयव्हरी, आर म्हणजे सोलर रेड. माझ्या लाल गाडीच्या पट्टीवर टी होतं, म्हणजे प्रिमावेरा बेज.

इंजिनवर तीन खुणा शोधा. पुढच्या अंगाला, पॅसेंजरच्या बाजूला सिलिंडर हेडच्या खाली दोन अक्षरांचा शिक्का असतो. १९६८ मध्ये डब्ल्यूटी म्हणजे ३५० अश्वशक्ती आणि हाताचे गिअर, वायएस म्हणजे तेच इंजिन पण ऑटोमॅटिकसाठी. त्याच भागात गाडीच्या क्रमांकाचा तुकडाही ठोकलेला असतो. तो जुळला तर इंजिन याच गाडीचं. तिसरी खूण मागे, डिस्ट्रिब्यूटरजवळ, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाजवळ. तिथे ओतकामाची तारीख असते: महिन्याचं अक्षर, दिवस आणि वर्षाचा शेवटचा अंक. ए०५८ म्हणजे ५ जानेवारी १९६८. आता साधा हिशेब लावा. ब्लॉक आधी ओतला जातो, मग इंजिन बनतं, मग ते गाडीत बसतं. अंगाची पट्टी ऑक्टोबर १९६७ म्हणते आणि ब्लॉक जानेवारी १९६८ चा, हे शक्यच नाही. ते इंजिन नंतर कुणीतरी आणून बसवलंय.

खोटे शिक्केही मारले जातात. मूळ शिक्क्याखालच्या पृष्ठभागावर कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेघा असतात. कुणी घासून नवा शिक्का मारला असेल तर तिथे रेघा नसतात किंवा ग्राइंडरचे वेडेवाकडे ओरखडे दिसतात. शंका आली तर जीटीओ असोसिएशन ऑफ अमेरिकेच्या स्थानिक शाखेतल्या जाणत्या माणसाला बोलावून दाखवा. हे लोक आनंदाने येतात.

पायरी ४: गंज

पत्रा बाहेरून छान दिसतो तो पुट्टीमुळेही असू शकतो. लोहचुंबक कापडात गुंडाळून अंगावरून फिरवा. जिथे पकडत नाही तिथे आत पुट्टी. या गाड्यांत गंज ठरलेल्या जागी लागतो: मागच्या काचेचे खालचे कोपरे, तिथून पाणी उतरून डिकीचा तळ, मागच्या चाकांभोवतीची कमान, पुढच्या मडगार्डचं चाकामागचं टोक, आणि चॅसीचा मागच्या चाकाजवळ वर उचललेला भाग. विनाइलच्या छताखाली तर तो वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे इथली गाडी खालून बघितल्याशिवाय घेऊच नका. इंजिन बिघडलेलं परवडतं, सडलेला पत्रा परवडत नाही. कॅलिफोर्निया-ॲरिझोनाकडची गाडी महाग वाटली तरी शेवटी स्वस्त पडते.

पायरी ५: खोलण्याआधी वाचा, मग खोला

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवला, आणि तुम्हीही घालवा असं मनापासून सांगतो. बहुतेक गाड्यांचा मूळ पुरावा कार वॉशच्या पाण्यात किंवा सँडब्लास्टिंगच्या वाळूत नाहीसा होतो.

पहिल्यांदा धुऊ नका. गाडी आहे तशी आत-बाहेरून, वर-खालून फोटो काढा. एक लांबून, एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग एकेक भाग काढताना, काढण्याआधी, सैल केल्यावर आणि काढल्यावर असे तीन. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, आत पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेलं. मार्करची शाई थिनर लागला की जाते, पेन्सिल जात नाही.

चॅसीवर, मागच्या आडव्या पत्र्यावर, दारांच्या आत, ॲक्सलवर कारखान्यातल्या माणसांनी रंगीत खडूने खुणा केलेल्या असतात. तपासलं, घट्ट केलं, पुढे पाठवा, अशा अर्थाच्या. कुठे रंगाचा एक फराटा, कुठे आकडा, कुठे कागदी लेबल. तेल आणि धुळीच्या थराखाली त्या टिकून राहतात. मऊ ब्रश आणि रॉकेलने थर हळूहळू उतरवायचा, खूण दिसली की थांबायचं, फोटो काढायचा, जागा मोजून वहीत लिहायची. माझ्या गाडीच्या ॲक्सलवर पिवळा फराटा आणि त्यावर कुणाच्या तरी बोटाचा ठसा निघाला. त्या दिवशी मी पुढचं काम केलं नाही. १९६७ च्या शरद ऋतूत पाँटियाक शहरात पाळीवर उभ्या असलेल्या कामगाराचं ते बोट होतं. गाडी मूळ स्थितीत आणायची म्हणजे त्या माणसाच्या कामाला जपायचं, एवढं मला तेव्हा कळलं.

बिल्ड शीट, म्हणजे जोडणीच्या वेळी गाडीबरोबर फिरणारा कागद, कधीकधी सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर अडकलेला सापडतो. सीट ओढून काढू नका, आधी हाताने चाचपा. कागद ठिसूळ असतो. गुंडाळी उलगडण्याआधी फोटो घ्या. जुन्या मालकाकडे प्रोटेक्ट-ओ-प्लेट नावाची धातूची छोटी वॉरंटी पट्टी आहे का तेही विचारा.

मडगार्ड आणि दारांच्या बिजागऱ्यांखाली, तसंच अंग आणि चॅसीच्या मध्ये पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. कुठे किती होत्या ते मोजून लिहा. जोडताना दारं आणि बॉनेटच्या फटी जुळवायला हेच आकडे कामी येतात.

जपून करायची एक गोष्ट: जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. हवेच्या प्रेशरने धूळ उडवू नका, ओल्या कापडाने पुसा. छत आणि मागच्या मडगार्डाच्या सांध्यात कारखान्याने शिसं भरलेलं असतं, तिथे पॉलिश पेपर मारायचा तर चांगला मास्क हवा.

पायरी ६: पत्रा

जुना रंग उतरवायला सँडब्लास्टिंग सोपं वाटतं, पण सपाट मोठ्या पत्र्यावर वाळूचा मारा केला तर पत्र्याला लाटा पडतात. माझं मूळ बॉनेट एका दुकानात असंच वाकडं झालं. ते सरळ करायला एका म्हाताऱ्या डेंटरने तीन शनिवार हातोडी आणि ठोकळा घेऊन काम केलं. चॅसी आणि जाड ब्रॅकेटांना वाळू चालते. बॉनेट, छत, दारांना रासायनिक स्ट्रिपर किंवा सोड्याचा हलका मारा वापरा. सोडा वापरला तर नंतर नीट धुऊन सुकवल्याशिवाय प्रायमर धरत नाही.

सडलेला भाग बदलायचा तर फक्त सडला तेवढाच कापा. अख्खं मागचं मडगार्ड नवीन मिळतं, पण मूळ पत्रा आणि कारखान्याचे वेल्डिंगचे ठिपके जितके राहतील तितकं बरं. १९६८ च्या दारांना पुढच्या बाजूला छोटी तिकोनी काच असते, १९६९ ला ती काढून टाकली. किल्लीसुद्धा १९६८ ला डॅशबोर्डवर होती, १९६९ ला स्टिअरिंगच्या दांड्यावर गेली. त्यामुळे 'बसतंय की' म्हणून पुढच्या वर्षीचे भाग घेऊ नका.

पायरी ७: रंग

जनरल मोटर्स त्या काळी ॲक्रिलिक लॅकर मारत असे. फोर्ड आणि क्रायस्लर इनॅमल वापरत. लॅकर मारून भट्टीत सुकवायचं, हलकं घासायचं आणि पुन्हा जास्त तापवून पृष्ठभाग वितळवून सपाट करायचा, अशी पद्धत होती. त्या रंगाची झळाळी खोल पण मवाळ असते. आजच्या बेसकोट-क्लिअरकोटची, म्हणजे रंगावर मारलेल्या पारदर्शक थराची, काचेसारखी चमक त्याला नाही.

हवेच्या प्रदूषणाच्या नियमांमुळे काही राज्यांत लॅकर मारता येत नाही, कॅलिफोर्निया त्यातलं ठळक. जिथे चालतं तिथेही ते मारणारे हात कमी राहिलेत, आणि ते वर्षांनी तडकतं. माझा सल्ला: एकाच थराचं युरेथेन घ्या, त्यावर क्लिअर मारू नका, आणि नंतर हाताने घासून झळाळी थोडी खाली आणा. युरेथेनमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसाला घातक आहे. साध्या मास्कवर भागत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर ही पायरी व्यावसायिकाकडे द्या.

मूळ छटा शोधायला गालिच्याखाली, दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागे, डॅशबोर्डच्या खाली बघा. ऊन न लागलेला तुकडा सापडतो. त्याच्याशी जुळवा, रंगाच्या दुकानातल्या संगणकातल्या आकड्याशी नव्हे.

आणि जिथे कारखान्याने रंग कमी मारला होता तिथे तुम्हीही कमी मारा. बॉनेटखालच्या कडा, दारांच्या आतल्या बाजू यांना पुरती झळाळी नव्हती. तळाला प्रायमर आणि त्यावर बाजूने उडालेला अंगाचा रंग, इतकंच असायचं. बॉनेटमागचा पत्रा आणि चॅसी काळ्या, पण गुळगुळीत नाहीत. चॅसीच्या रंगाला ओघळ असत. डिकीत ठिपक्याठिपक्यांचा रंग. एंड्युरा बंपर वेगळा रंगवला जाई, म्हणून त्याची छटा अंगापेक्षा किंचित निराळी दिसायची. रंगात लवचीकपणा आणणारं द्रव्य मिसळल्याशिवाय त्या बंपरवर हात मारू नका, तडे जातात.

इथे मोह आवरावा लागतो. ओघळ असलेली चॅसी बघून तुमचा पेंटर नाक मुरडेल. त्याला तुम्ही काढलेले फोटो दाखवा.

पायरी ८: इंजिन

पाँटियाकच्या इंजिनला एक सोय आहे. शिक्के पुढच्या अंगावर असल्याने ब्लॉकचा वरचा भाग यंत्रावर सपाट केला तरी ते पुसले जात नाहीत. शेव्हर्लेत ते नेमके वरच्या सपाटीवर असतात आणि एका अजाण मशिनिस्टमुळे कायमचे जातात. तरीही काम देताना चिठ्ठी लावा: 'शिक्क्यांना हात लावू नये, ब्लॉक वाळूने साफ करू नये.'

आत काय बदललं ते बाहेरून दिसत नाही, तेव्हा इथे मी मूळपणाचा हट्ट धरत नाही. या इंजिनांचे कनेक्टिंग रॉड ओतीव आहेत, आणि इतक्या वर्षांनी त्यांच्यावर भरवसा ठेवणं धोक्याचं. घडीव स्टीलचे घाला. ३५० अश्वशक्तीच्या इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १०.७५ ला १ आहे, ते त्या काळच्या शिसेयुक्त पेट्रोलसाठी. आजच्या पेट्रोलवर ते ठोकतं. पिस्टन बदलतानाच खोलगट माथ्याचे घेऊन कॉम्प्रेशन उतरवा. माझ्या दोन घशांच्या इंजिनचं कॉम्प्रेशन ८.६ ला १, त्यामुळे हा प्रश्नच आला नाही. व्हॉल्व सीट मशिनिस्टने तपासून खचलेल्या सांगितल्या तरच कडक धातूच्या घाला.

मागचं तेल अडवणारं सील दोरीचं असतं. सुधारित सील मिळतात, कुठलंही घाला पण बसवण्यात घाई केली तर तेल गळणारच. कार्ब्युरेटरच्या अंगावरचा आकडा ७०२८ ने सुरू व्हायला हवा, ७०२९ असेल तर तो १९६९ चा. मला योग्य आकड्याचा दोन घशांचा कार्ब्युरेटर मिळायला सात महिने लागले, आणि तो स्वस्तात मिळाला, कारण बाकी सगळे चार घशांचा शोधत असतात.

इंजिनचा रंग धातूची झाक असलेला निळा. मॅनिफोल्ड आणि इतर भाग लावून मगच रंगवायचं की सुटं, हे तुमच्या फोटोंवरून ठरवा.

पायरी ९: बारीकसारीक

इथे थोडक्यात सांगतो, नाहीतर संपणार नाही. बोल्टच्या डोक्यावर बनवणाऱ्याची खूण असते, म्हणून जुने बोल्ट फेकू नका, पुन्हा मुलामा द्या. कॅडमियमचा मुलामा नको, कॅडमियम विषारी आहे; जस्ताचा चालतो. काचांवर लिबी-ओवेन्स-फोर्डच्या शिक्क्यात तारखेची दोन अक्षरं असतात. स्पार्क प्लगच्या वायरींवर तिमाही छापलेली असे, तशा नव्या वायरी मिळतात. टायर जी७७-१४, लाल पट्टीचे. जुन्या बांधणीचे टायर रस्त्यावर डगमगतात, म्हणून प्रदर्शनाला एक जोड आणि चालवायला लाल पट्टीचे रेडियल असे दोन ठेवलेले बरे.

भाग विकत घेताना क्रम असा: आधी तुमच्याच गाडीचा दुरुस्त केलेला, मग दुसऱ्या गाडीचा त्याच तारखेचा, मग डब्यात पडून राहिलेला न वापरलेला जुना, आणि सर्वांत शेवटी नव्याने बनवलेली नक्कल. ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला जुन्या गाड्यांच्या भागांचा मोठा बाजार भरतो. आकड्यांची यादी खिशात ठेवूनच तिथे जा.

पायरी १०: जोडणी आणि पहिली सुरुवात

नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व उघडणारा दांडा) घातला असेल तर पहिली वीस मिनिटं त्याचं आयुष्य ठरवतात. जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं तेल घ्या. डिस्ट्रिब्यूटर काढून त्या भोकातून ड्रिलला लावलेल्या दांड्याने तेलाचा पंप फिरवा, घड्याळाच्या उलट दिशेने, दाब दिसेपर्यंत. मग डिस्ट्रिब्यूटर बसवा. ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२, तोही घड्याळाच्या उलटा. इंजिन पेटलं की मंद चालू देऊ नका, लगेच २,००० आरपीएमवर न्या आणि वीस मिनिटं थोडं वर-खाली करत ठेवा. एक माणूस तापमानावर आणि एक खाली तेल-पाणी गळतंय का त्यावर लक्ष ठेवणारा असू द्या. अग्निशामक हाताशी हवा.

ब्रेक चारही चाकांना ड्रम हेच मूळ, पुढे डिस्क पर्यायी होते. ड्रम असतील तर नवे पाइप, नवे सिलिंडर आणि नीट घासलेले ड्रम यात काटकसर करू नका, आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून चालवा. पहिले पाचशे मैल झाले की अंगाचे, सस्पेन्शनचे आणि एक्झॉस्टचे बोल्ट पुन्हा आवळा.

काढलेले भाग, म्हणजे ओतीव रॉड, जुनं दोरीचं सील, कापलेला पत्र्याचा तुकडा, आधीच्या मालकाने बसवलेला क्वाड्राजेट, सगळे चिठ्ठी लावून एका पेटीत ठेवा. पीएचएसचा कागद, फोटो आणि खुणांची वही त्याच पेटीत. माझी पेटी गॅरेजच्या मागच्या फळीवर आहे. गाडी कधी दुसऱ्याकडे गेली तर किल्लीबरोबर तीही द्यायची आहे.